पगाराच्या पावतीवरची दिल्ली: ठाणे-नवी मुंबईच्या कामगाराने लोकसभेचं मत कसं वापरावं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "रबाळे एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे. पाणी-गटारासाठी नगरसेवक आहे, झोपडपट्टी-पुनर्विकासासाठी आमदाराकडे जातो. खासदार दिल्लीत. लोकसभेला मत देऊन आमच्या पगारात, नोकरीत नेमका काय फरक पडतो? आणि निवडून दिल्यावर त्याला जाब विचारायचा कसा?"

उत्तरासाठी आधी पगाराची पावती हातात घ्या आणि उजव्या बाजूचा, कपातीचा रकाना वाचा. त्यातला व्यावसायिक कर, दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, हा राज्याचा. कामगार कल्याण निधीची किरकोळ कपातही राज्याची. बाकीच्या मोठ्या ओळी दिल्लीत ठरलेल्या आहेत. भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के संसदेच्या कायद्याने कापले जातात. ते किती रुपयांच्या पगारावर सक्तीने कापायचे ही मर्यादा केंद्र सरकार ठरवतं. सप्टेंबर २०१४ मध्ये ती ६,५०० वरून १५,००० झाली आणि पुढची दहा वर्षं उलटून गेली तरी तिथेच थांबली. या काळात किमान वेतन किती वेळा बदललं, घरभाडं कुठे गेलं, ते ऐरोली-दिघ्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

ही मर्यादा गोठली की काय होतं ते हिशेबात बघा. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात, पण १५,००० पुरतेच, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. निवृत्तीनंतरची पेन्शन काढताना पेन्शनपात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं. सप्टेंबर २०१४ नंतर लागलेल्या माणसाची १८ वर्षं नोकरी झाली, तर १५,००० च्या मर्यादेत त्याला महिना ३,८५७ रुपये बसतात. मर्यादा २५,००० असती तर तेच गणित ६,४२८ वर गेलं असतं. त्याचा प्रत्यक्ष पगार ३०,००० असला तरी पेन्शनच्या हिशेबात तो दिसतच नाही. किमान पेन्शन १,००० रुपये, तीही २०१४ सालची. वागळे इस्टेटमधल्या बंद पडलेल्या कारखान्यांतून निवृत्त झालेली कितीतरी माणसं याच आकड्यांच्या आसपास जगताहेत. हे आकडे ठाणे महापालिका बदलू शकत नाही, विधानसभाही बदलू शकत नाही.

दुसरी ओळ ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची: कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. पगाराची मर्यादा २१,०००, जानेवारी २०१७ पासूनची. इथे एक खाच आहे. पगार २०,८०० वरून २१,३०० झाला की चालू वर्गणी-काळ, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, संपेपर्यंत कामगार योजनेत राहतो आणि मग बाहेर पडतो. पाचशे रुपयांची वाढ मिळते, पण अख्ख्या कुटुंबाचं कामगार रुग्णालय हातचं जातं. पगारवाढीच्या करारावर सह्या करताना युनियनचे कार्यकर्तेसुद्धा हे विसरतात आणि सहा महिन्यांनी कुणाची तरी आई डायलिसिसला असताना ते कळतं. ठाणे आणि वाशीची कामगार रुग्णालयं राज्याची यंत्रणा चालवते, त्यामुळे डॉक्टर नाही, औषध नाही ही तक्रार राज्याकडे जाते. पण योजनेचा पैसा, नियम आणि ही २१,००० ची रेघ केंद्राकडे आहे.

पहिलं काम म्हणून हा फरक पाठ करा. जाब विचारण्यात सगळ्यात जास्त शक्ती वाया जाते ती चुकीच्या दारावर धडका मारण्यात. वाशीच्या बाजार समितीतल्या माथाडीचं काम १९६९ च्या राज्याच्या कायद्याने चालतं, तिथे आमदार हवा. उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरात, रेल्वेत, विमानतळावर, बँकेत, केंद्रीय तेल कंपनीत कंत्राटदाराकडे काम करत असाल तर तुमचं 'समुचित शासन', म्हणजे कामगार कायदे राबवायची जबाबदारी असलेलं सरकार, केंद्र आहे. किमान वेतनाचा महागाई भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो, आणि तक्रार केंद्रीय श्रम आयुक्तांच्या यंत्रणेकडे जाते. रबाळे, महापे, तुर्भ्यातल्या खासगी कारखान्यात असाल तर विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो आणि तक्रार राज्याच्या कामगार आयुक्तांकडे. मात्र दोघांच्याही डोक्यावरचा मूळ कायदा संसदेचाच आहे. कामगार हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील असा असला तरी राज्य आणि केंद्राचे कायदे परस्परविरोधी झाले, तर राष्ट्रपतींची खास संमती नसेल तेव्हा केंद्राचा टिकतो.

या भागात हा फरक जमिनीच्या बाबतीतही अनुभवाला आला आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, त्या दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं धोरण आलं. राज्याच्या सिडको महामंडळाने घेतलेल्या जमिनींसाठी निर्णय मुंबईत होऊ शकत होता. बंदरासाठी जमिनी दिलेल्यांचा तोच हक्क मात्र दिल्लीच्या मंजुरीवर वर्षानुवर्षं अडून राहिला, कारण बंदर केंद्राचं. मागणी तीच, गावं शेजारची, पण सही वेगळ्या टेबलावर.

आता नोकरीकडे येऊ. २९ जुने कामगार कायदे गुंडाळून चार श्रम संहिता आल्या: वेतन संहिता २०१९ मध्ये, बाकीच्या तीन २०२० मध्ये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. त्यातला एकच आकडा कसा घडला ते सांगतो, कारण मतदानाचा परिणाम कुठे होतो ते त्यात स्पष्ट दिसतं.

जुन्या कायद्यात १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपात करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची आधी परवानगी लागायची. २०१९ मध्ये औद्योगिक संबंध संहितेचं विधेयक लोकसभेत आलं तेव्हा त्यात १०० हाच आकडा होता, सोबत तो अधिसूचनेने बदलायची मुभा. विधेयक संसदेच्या श्रमविषयक स्थायी समितीकडे गेलं. काही राज्यांनी आधीच ३०० केलं होतं, तो दाखला घेऊन समितीने एप्रिल २०२० च्या अहवालात ३०० हा आकडा कायद्यातच लिहावा अशी शिफारस केली. सप्टेंबर २०२० मध्ये नवं विधेयक आलं, त्यात ३००. आणि 'सरकार अधिसूचित करील अशी याहून जास्त संख्या' हे शब्दही राहिले, म्हणजे पुढे वर न्यायचं असेल तर संसदेत यावं लागणार नाही. लोकसभेने २२ सप्टेंबरला आणि राज्यसभेने २३ सप्टेंबरला तिन्ही संहिता मंजूर केल्या, विरोधी बाकं बहिष्कारामुळे रिकामी असताना.

याला दोन बाजू आहेत. १०० च्या अटीमुळे कारखानदार मुद्दाम लहान राहतात किंवा कायम कामगार न घेता कंत्राटी घेतात, असं उद्योगांचं म्हणणं होतं आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात त्याची उदाहरणं कमी नाहीत. युनियनांचं म्हणणं, परवानगीची अट गेली की वाटाघाटीतली शेवटची पकड जाते, आणि २०० कामगारांच्या कारखान्यातून जागा डेटा सेंटरला द्यायचं ठरलं की विचारणारं कोणी उरत नाही. तुम्ही कोणत्या बाजूचे आहात ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ज्या समितीत आकडा बदलला तिच्यात लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे जास्तीत जास्त ३१ सदस्य असतात. अशी विधेयकं आली की समिती बहुतेक वेळा जाहिरात देऊन लेखी निवेदनं मागवते. तिथे निवेदन द्यायला उद्योगांच्या संघटना तयारीनिशी जातात. लहान कारखान्यातल्या कामगारांच्या वतीने मुद्देसूद कागद फार कमी पोचतात.

याच संहितांमध्ये कामगाराच्या बाजूच्या गोष्टीही आहेत, त्या पदरात पाडून घ्यायला हव्यात. मुदतबंद नेमणुकीवर घेतलेल्याला पाचऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते. मूळ वेतन आणि महागाई भत्ता १८,००० असेल तर १५ ने गुणून २६ ने भागा, वर्षाला साधारण १०,३८४ रुपये होतात. पण मुदतबंद म्हणजे थेट कंपनीच्या पटावरचा. कंत्राटदाराच्या पटावर असाल तर हा एक वर्षाचा नियम आपोआप तुमचा होत नाही, आणि इथेच गफलत होते. वेतनाची नवी व्याख्या भत्त्यांना पगाराच्या निम्म्यावर रोखते. त्यावरचा भाग वेतनात धरावा लागतो, त्यामुळे ग्रॅच्युइटी वाढते, पण हातात येणारी रक्कम कमी होऊ शकते. ॲपवरून डिलिव्हरी करणाऱ्यांची नोंद कायद्यात पहिल्यांदा झाली आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के सामाजिक सुरक्षेसाठी द्यायचे असं लिहिलं गेलं. त्यातून प्रत्यक्ष कोणते लाभ मिळणार, कधीपासून, हे केंद्राच्या नियमांवर आणि योजनांवर आहे. कायदा मंजूर होण्यात दोन दिवस गेले, लागू व्हायला पाच वर्षं. मधल्या त्या काळात सरकारला समोरासमोर "कधी" हा प्रश्न विचारायचा अधिकार फक्त सभागृहात बसलेल्यांना होता.

म्हणून खासदार नेमकं काय करू शकतो ते माहीत हवं. आपल्याकडे खासदाराचं माप स्थानिक विकास निधीवरून काढतात: सभामंडप, बाकडी, हायमास्ट दिवे. तो निधी वर्षाला ५ कोटी. ठाणे लोकसभेत मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला कोटीसुद्धा येत नाही, आणि खासदार कामं फक्त सुचवतो, मंजुरी व खर्च जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होतो. त्याच्या हातातली खरी ताकद वेगळी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ प्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. राज्यसभेला नाही, राष्ट्रपतींना नाही. १७ एप्रिल १९९९ ला एका मताने केंद्र सरकार पडलं ते या तरतुदीमुळे. कर लावायचा, पैसा खर्च करायचा, तर लोकसभेची मंजुरी लागते.

रोजच्या कामासाठी मात्र सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे प्रश्न. अधिवेशनात दिवसाला २० तारांकित प्रश्न लागतात, त्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि उपप्रश्न विचारता येतात. २३० अतारांकित लागतात, त्यांना लेखी उत्तर मिळतं. सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो आणि कोणता प्रश्न लागणार ते सोडतीवर. तारांकितासाठी नशीब लागतं; म्हणून माझं मत असं की कामगार संघटनेने अतारांकितावरच जोर द्यावा. टीव्हीवर दिसत नाही, पण मंत्रालयाचे आकडे लेखी हातात येतात, कोर्टात आणि वाटाघाटीत दाखवता येतात.

प्रश्न नाकारला जाण्याची कारणं ठरलेली आहेत: १५० शब्दांहून मोठा, दोन मंत्रालयांची खिचडी, मत किंवा आरोप घातलेला, राज्याच्या अखत्यारीतला विषय, किंवा नुकतंच उत्तर दिलेला मुद्दा. "कंत्राटदार कामगारांची लूट करत आहेत हे खरे आहे काय?" असा प्रश्न पाठवला तर टिकला तरी उत्तर येतं "नाही". पीएफ कापला पण भरला नाही, या आपल्याकडच्या कायमच्या दुखण्यावर तो असा लिहावा:

"श्रम व रोजगार मंत्री सांगतील काय: (क) ठाणे व वाशी येथील भविष्य निधी कार्यालयांच्या हद्दीत गेल्या तीन वर्षांत वर्गणी थकवणाऱ्या आस्थापनांची संख्या व थकीत रक्कम, वर्षनिहाय, (ख) यांपैकी कर्मचाऱ्यांच्या वेतनातून कपात करूनही न भरलेली रक्कम, (ग) अशा प्रकरणी दाखल केलेले फौजदारी गुन्हे व त्यांची सद्यःस्थिती, (घ) कंत्राटदाराने न भरलेली रक्कम मुख्य मालकाकडून वसूल केल्याची प्रकरणे व वसूल रक्कम?"

चार भाग, एक मंत्रालय, सगळे भाग आकडे मागणारे. (घ) हा भाग मुद्दाम आहे. कंत्राटदाराने भरलं नाही तर जबाबदारी मुख्य मालकावर येते, हे कायद्यात आहे, पण वसुली किती झाली ते सहसा कुणी विचारत नाही. असा कागद घेऊन खासदाराच्या कार्यालयात जाताना सोबत दहा-पंधरा कामगारांच्या पासबुकांच्या नकला ठेवा, ज्यात पावतीवर कपात आहे आणि खात्यात महिना कोरा आहे. वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा व्हावी लागते. त्यामुळे जूनच्या कपातीसाठी जुलैअखेरीला पासबुक बघितलं तर पुरावा पक्का होतो. भेट खासदाराशी व्हायला हवी असा हट्ट नको. प्रश्न टंकून पोर्टलवर टाकणारा सहायक कोण ते शोधा आणि अधिवेशनाच्या दीड महिना आधी त्याला गाठा. अधिवेशन सुरू झाल्यावर नेलेला कागद बहुतेक वेळा पुढच्या अधिवेशनावर जातो.

उत्तरात मंत्र्यांनी "माहिती संकलित करण्यात येत आहे" किंवा "विचाराधीन आहे, सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल" असं म्हटलं, तर निराश होऊ नका. अशी वाक्यं सहसा आश्वासन म्हणून नोंदली जातात, ती तीन महिन्यांत पूर्ण करायची असतात, आणि त्यांचा पाठपुरावा करायला लोकसभेची स्वतंत्र आश्वासन समिती आहे. प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा, तीन महिन्यांनी त्या क्रमांकाने पुन्हा पत्र द्या. खासदार स्वतः मंत्री असेल तर तो प्रश्न विचारू शकत नाही, तो उत्तर देणाऱ्यांत असतो. अशा वेळी शेजारच्या खासदाराकडे जायचं.

आणि शेजारच्याकडे जायला इथल्या कामगाराला भूगोल साथ देतो. मुंब्रा-कळवा ठाणे महापालिकेत आहे, पण लोकसभेला कल्याणमध्ये मोडतं. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल आणि उरण मावळमध्ये, म्हणजे त्यांचा मतदारसंघ खंडाळ्याचा घाट ओलांडून पिंपरी-चिंचवडपर्यंत जातो. ऐरोली, बेलापूर ठाण्यात. त्यामुळे महाप्यातल्या एकाच फाटकातून आत जाणारे कामगार तीन खासदारांचे मतदार असतात. संघटनेने एकदा बसून सदस्यांचे मतदारसंघ लिहून काढावेत. एकाच विषयाचे वेगवेगळे भाग तीन कार्यालयांतून गेले तर सोडतीत लागण्याची शक्यता वाढते, आणि एका पक्षाचा खासदार टाळतो ते दुसरा विचारतो.

रेल्वेसाठी हेच आणखी लागू आहे. रेल्वे पूर्णपणे संघसूचीतला, म्हणजे फक्त केंद्राचा विषय. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ वळणावर दोन लोकलमधून माणसं खाली पडून मेली, त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा झाली. किती गाड्या, कोणत्या वर्षी, हवा खेळती राहण्याची सोय काय, हे तारखेनिशी विचारायची जागा रेल्वेमंत्र्यांसमोर आहे. ऐरोली-कळवा उन्नत मार्गासारखं काम आलं की दोन्ही दारं लागतात, कारण मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात रेल्वे आणि राज्य खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतात. दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण ज्याने कल्याणकडच्या प्रवाशाची ठाण्याची फेरी वाचेल तो कळव्याचा दुवा पुनर्वसनात अडकला. रेल्वेला विचारलं की ती राज्याकडे बोट दाखवते आणि राज्य रेल्वेकडे. म्हणून खासदाराकडून लोकसभेत आणि आमदाराकडून विधानसभेत एकाच हंगामात प्रश्न टाका, दोन्ही लेखी उत्तरं शेजारी ठेवा. कोण थांबलंय ते त्यात उघडं पडतं.

आता मत देताना खासदाराचं काम मोजायचं कसं? लोकसभेच्या संकेतस्थळावर प्रत्येक सदस्याचे प्रश्न, भाषणं, हजेरी मिळते. नुसत्या संख्येवर जाऊ नका. शेकडो प्रश्नांपैकी कितीतरी एकमेकांच्या नकला असतात, दहा खासदारांच्या नावावर एकच मजकूर. आपल्या जिल्ह्याचं, उद्योगाचं नाव किती प्रश्नांत आहे ते बघा. मिळालेल्या उत्तरावर पुढचा प्रश्न आला का ते बघा. हाच खऱ्या पाठपुराव्याचा माग. मंत्र्यांची हजेरी नोंदवली जात नाही, तेव्हा मंत्र्याला हजेरीवर तोलू नका. मतदानाची नोंद शोधायला गेलात तर बहुतेक विधेयकांवर ती सापडणार नाही, कारण ती आवाजी मतदानाने मंजूर होतात. कुणीही सदस्य मतविभागणी मागू शकतो. न मागितली तर तुमच्या खासदाराने "हो" म्हटलं की "नाही" याचा कागद तयारच होत नाही.

इथे पक्षादेशाची मर्यादा समजून घ्यावी लागते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडून मत देणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. म्हणजे श्रम संहितेसारख्या विधेयकावर उमेदवाराचा चांगुलपणा पुरत नाही, पक्षाची भूमिका बघून मत द्यावं लागतं. पक्षादेश मतदानाला असतो. प्रश्न विचारायला, समितीत मतभेदाची टिपणी लिहायला, शून्य प्रहरात बोलायला सहसा नसतो. त्यामुळे दोन वेगळे हिशेब ठेवा: कायद्यांसाठी पक्षाचा, पाठपुराव्यासाठी माणसाचा. ठाण्याचे १९७७ आणि १९८० चे खासदार रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांना देत. पक्ष कोणताही असो, उमेदवाराकडून निवडणुकीआधी एवढं लेखी मागायला काहीच हरकत नाही. आज ते पानभर मजकुरात आणि फुकटात होऊ शकतं.

लोकसभेच्या खासदाराला मुदतीआधी परत बोलावण्याची तरतूद नाही. 'नोटा'ला सर्वाधिक मतं पडली तरी उरलेल्यांतला पहिला निवडून येतो, त्यामुळे नाराजी दाखवण्यापलीकडे त्याचा निकालावर परिणाम होत नाही. उरतं ते निवडणुकीआधीचं मागणीपत्र. ते एका पानाचं असावं, चार-पाच मागण्यांचं, आणि सगळ्या केंद्राच्या विषयातल्या: पीएफची मर्यादा, ईएसआयची मर्यादा, किमान पेन्शन, लोकलची वाढीव फेरी, थकबाकी वसुली. त्यात नालेसफाई घातली की उमेदवार फक्त नालेसफाईवर बोलतो. प्रत्येक मागणीपुढे "निवडून आल्यापासून कोणत्या अधिवेशनात विचारणार" असा रकाना ठेवा आणि सही घ्या.

पण हे सगळं यादीत नाव असेल तर. २०२४ ला ठाण्यात मतदान निम्म्याच्या जेमतेम वर गेलं, आणि न झालेल्या मतांत भाड्याने राहणाऱ्या कामगारांचा वाटा मोठा असतो हे मतदारयाद्यांवर काम करणारा कुणीही सांगेल. नाव गावी, साताऱ्याकडे किंवा कोकणात. राहणं आणि राबणं इथे. कायदा सांगतो, जिथे सर्वसाधारणपणे राहता तिथे नाव, आणि एकाच ठिकाणी. दोन ठिकाणी नाव ठेवण्यासाठी खोटं प्रतिज्ञापत्र केलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलायला नमुना ८. खोली बदलणारे बहुतेक जण चुकून नमुना ६ भरतात, मग दुबार नोंद म्हणून अर्ज अडतो. पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार नसेल तर बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, गॅसजोडणीचा कागद चालतो. काहीच नसेल तर मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) घरी येऊन पडताळणी करतो, त्या वेळी घरात कुणी तरी असायला हवं. पाळीत काम करणाऱ्यांचे अर्ज इथेच बाद होतात, म्हणून अर्जात सुरू असलेला मोबाइल नंबर द्या आणि शेजाऱ्याला सांगून ठेवा. यादीत शोधताना नावाने शोधू नका, लिहिण्यातल्या फरकाने सापडत नाही. ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधा आणि भाग क्रमांक व अनुक्रमांक लिहून घ्या. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर यादी बदलत नाही, आणि त्याआधीचे साधारण दहा दिवस पडताळणीत जातात.

मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब ने दिलेला हक्क आहे, रोजंदारीवरच्यालाही. न देणाऱ्या मालकाला दंड फक्त ५०० रुपयांपर्यंत, पण कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार गेली की बहुतेक मालक ऐकतात. सुट्टी तुमच्या मतदारसंघाच्या दिवसाला धरून मिळते. २०२४ ला मावळचं मतदान १३ मेला होतं आणि ठाण्याचं २० मेला. खारघरला राहून ऐरोलीत काम करणाऱ्याचा हक्क १३ तारखेच्या सुट्टीचा होता, कारखान्याने २० ची सुट्टी दिली म्हणून तो संपत नाही. अशा कामगारांनी आठ दिवस आधी भाग क्रमांकासह अर्ज देऊन पोच घ्यावी. बॉयलर किंवा सतत चालणाऱ्या प्रक्रियेवर असलेल्यांना अपवाद लावता येतो, त्यांनी पाळी बदलून मागावी. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला रांगेत उभे असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी मिळते आणि मत देता येतं. रांग लांब बघून परत फिरू नका. आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत दिलंय असं सांगितलं, तर ओळख पटवून केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मतपत्रिका मागा. ती कागदावर, वेगळ्या लिफाफ्यात जाते आणि तिची नोंद होते. पुढे निकालाला कोर्टात आव्हान दिलं गेलं तर ही नोंद पुरावा म्हणून तपासता येते.